रविवारचा फोन

माझी लेक अमेरिकेच्या सैन्यात कोरियन शिकत होती, त्या काळात आई म्हणून माझ्या हातून बऱ्याच चुका झाल्या. त्यातली एक तिला फार महागात पडली असती. इथल्या मराठी घरांतून फौजेत जाणारी मुलं थोडी, त्यामुळे कुणाला विचारावं म्हटलं तर ओळखीचं कुणी नसतं. म्हणून हे लिहायला बसले.

कॉलेज दुसऱ्या वर्षी सोडून ती भरती झाली, तेव्हा फ्रीमाँटच्या आमच्या घरात आठवडाभर कुणाच्या घशाखाली घास धड उतरला नाही. बेसिक ट्रेनिंगनंतर तिला माँटेरेला भाषा शिकायला पाठवणार असं कळलं आणि माझा जीव भांड्यात पडला. घरापासून दीड तासाचा रस्ता, समुद्रकाठ, वर्गात बसून अभ्यास. अभ्यास म्हटलं की आपल्याला सगळं समजतं असं वाटतं. पोरगी लहानपणापासून हुशार, मग काळजी कसली?

माँटेरेच्या टेकडीवर प्रेसिडिओ या लष्करी तळावर डिफेन्स लँग्वेज इन्स्टिट्यूट आहे. तिथे भाषांचे चार गट मानतात. स्पॅनिश, फ्रेंच सोप्या गटात, 36 आठवड्यांच्या. रशियन आणि फारसी 48 आठवडे. अरबी, चिनी, जपानी आणि कोरियन शेवटच्या गटात, 64 आठवडे. रोज सहा-सात तास वर्ग, त्यावर दोन-तीन तासांचा गृहपाठ. पहाटेची पीटी, खोलीची तपासणी, रात्रीचा पहारा ही शिपायाची कामं असतातच. अखेरीला डीएलपीटी नावाची परीक्षा होते. ऐकणं आणि वाचणं यांत किमान 2 ही पातळी आणि बोलण्याच्या वेगळ्या चाचणीत 1+ मिळाल्याशिवाय उत्तीर्ण होता येत नाही. सव्वा वर्षापूर्वी जिचं एक अक्षरही ओळखीचं नव्हतं, त्या भाषेतलं बोलणं कानावर पडताच त्याचा अर्थ लावायचा असतो. पाठांतर तिथे फार पुरत नाही, आणि माझा सगळा भरवसा पाठांतरावर होता.

आधी एक व्यवहाराची गोष्ट सांगते. कोणती भाषा मिळणार हे मूल ठरवत नाही. आवड विचारली तरी शेवटी गरज फौजेची. भरतीच्या वेळी कुणी तोंडी काय सांगितलं ते धरून बसू नका. सहीपूर्वी करार मुलासोबत बसून वाचा आणि कागदावर आहे तेवढंच खरं माना. नापास झालं तर काय, हेही तेव्हाच विचारून घ्या. कधी मागच्या तुकडीत पाठवतात, कधी दुसरी भाषा देतात, कधी भाषेतून काढून वेगळ्याच कामाला लावतात. भाषा सुटली म्हणून नोकरीची वर्षं माफ होत नाहीत. आम्ही यातलं काहीच विचारलं नव्हतं.

माझी पहिली चूक फोटोची. गणवेशातला तिचा फोटो, छातीवर नाव स्पष्ट दिसणारा, मी कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला आणि खाली ती कसलं गुप्त काम करणार आहे तेही अभिमानाने लिहिलं. सांगलीपासून सिडनीपर्यंत तो फिरला. दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. ओरडली नाही, फक्त म्हणाली, "आई, काढून टाक. आणि माझ्या कामाबद्दल कुणाला काही सांगू नकोस, प्लीज." या मुलांची कसून तपासणी होते. त्या फॉर्मवर आईवडिलांचं जन्मस्थान, नागरिकत्व, परदेशातले जवळचे नातेवाईक असं सगळं भरावं लागतं. आपल्यासारख्यांचे मामा, मावश्या, काका सगळे तिकडे भारतात. त्यामुळे नावं, पत्ते आणि तारखा आधीच एका वहीत नीट लिहून ठेवा. काही लपवावं असं मनातही आणू नका. खरं लिहिलेला परदेशी मामा अडचणीचा नसतो, लपवलेला असतो.

दुसरी चूक शिकवणीची. आमच्या ओळखीच्या एक कोरियन काकू जवळच राहतात, फार प्रेमळ. बाहेर पडण्यावरचे सुरुवातीचे निर्बंध सैल झाल्यावर लेक एका रविवारी घरी आली, तर मी तिला न विचारताच काकूंना बोलावून ठेवलं होतं. त्या बूसानकडच्या, त्यांची बोली निराळी. वर्गात ती शिकत होती प्रमाण भाषा. दोन तास बिचारी मान डोलवत बसली. काकू गेल्यावर जेवायला वाढलं, तर ताटावरच डोळे मिटायला लागले. हातातला पोळीचा तुकडा तसाच राहिला होता. सहा दिवस जी भाषा डोक्यात कोंबली जात होती, तीच मी सातव्या दिवशीही तिच्या ताटात वाढली होती. त्यांच्या शाळेत शिक्षक असतात, जादा तास असतात, मदतीला वरच्या तुकडीतली मुलं असतात. घरून शिकवणी लावायची गरज नसते. घरून झोप द्यावी, आणि भाजी.

आता तिसरी. दर रविवारी फोनवर माझा पहिला प्रश्न ठरलेला: "या आठवड्यात किती पडले?" मला तो साधा वाटायचा. आमच्या घरी माझे वडीलही हेच विचारायचे. सुरुवातीला ती सांगायची. मग "ठीक आहे" म्हणायला लागली. सातव्या महिन्यात माझ्या एक गोष्ट लक्षात आली. ज्या दोन मैत्रिणींची नावं तिच्या प्रत्येक वाक्यात असायची, ती येईनाशी झाली होती. भांडण झालं का, असं विचारलं तर गप्प. नंतर रडत म्हणाली, "आई, मी त्यांच्या वर्गात नाहीये आता." ऐकण्याच्या चाचण्यांत सतत मागे पडत होती, म्हणून तिला मागच्या तुकडीत टाकलं होतं. त्याला तीन आठवडे झाले होते. त्या तीन आठवड्यांत मी तीनदा मार्क विचारले होते आणि तिन्ही वेळा तिने "ठीक आहे" म्हटलं होतं. रात्री झोप लागत नाही, वर्गात कानात नुसता गोंगाट ऐकू येतो, हेही तिने त्या दिवशीच पहिल्यांदा सांगितलं.

माझा हात लगेच तिच्या लष्करी कंपनीच्या ऑफिसला फोन लावायला गेला. नवऱ्याने अडवलं, ते बरं झालं. वीस वर्षांच्या शिपायाची आई वरिष्ठांशी बोलते, हे तिला तुकडीत पाठीवर वागवावं लागलं असतं. तिचं तिनेच उठून जायला हवं होतं. ती आधी चॅप्लेनकडे गेली. मीही पूर्वी त्याला नुसता धर्मोपदेशक समजायचे. पण तिथे कुठल्याही धर्माच्या शिपायाला जाता येतं आणि तिथलं बोलणं बाहेर जात नाही. तिथून समुपदेशकाची वाट कळली. आणखी एक गोष्ट फ्रिजवर चिकटवून ठेवा: मूल जिवाचं बरंवाईट करण्याबद्दल बोललं, नुसतं सहज म्हणून बोललं तरी, 988 ला फोन लावून 1 दाबायचा. ही हेल्पलाइन सैनिकांसाठी आहे. आमच्यावर ती वेळ आली नाही, पण नंबर आहे तसाच ठेवलाय.

मागच्या तुकडीत जाणं ही शिक्षा नव्हे, हे मला फार उशिरा कळलं. कान तयार व्हायला काहींना जास्त वेळ लागतो. कोरियनमध्ये आकड्यांचे दोन संच आहेत, एक त्यांचा देशी आणि एक चिनी वळणाचा. वर मोठी संख्या दहा-दहा हजारांच्या हिशेबात बोलतात. इंग्रजीत हजारांत मोजणारं डोकं तिथे अडखळतं आणि तेवढ्यात पुढचं वाक्य निघून जातं. हे तिने मला समजावलं ते मी मार्क विचारणं सोडल्यावर. त्या रविवारपासून मी एवढंच विचारायचं ठरवलं: "आज नवीन काय ऐकलंस?" कधी उत्तर यायचं, कधी नाही. नाही आलं तर मी घरचं सांगायचे.

एकदा भेटायला गेले होते. माँटेरेजवळच्या पॅसिफिक ग्रोव्हच्या किनाऱ्यावर बाकावर बसलो होतो, धुकं उतरलं होतं. तिच्या मांडीवर कोपरे मऊ पडलेल्या शब्दांच्या कार्डांची चळत होती. अचानक म्हणाली, "आई, ऐक. नानुन हाक्क्योए कायो. मी, शाळेत, जाते. शब्दाला शब्द लागतो! क्रियापद शेवटी." वर्गातल्या बाकीच्यांना वाक्य उलटं करून घ्यावं लागत होतं, हिच्या कानात ते मराठीने आधीच बसवलेलं होतं. मग आदरार्थी रूपांवर आली. कोरियनमध्ये आजीसाठी 'जेवणे' हे क्रियापदच बदलतं. विचारते कशी, "आपण आजोबांना 'तुम्ही' म्हणतो, मग आजीला 'तू' का?" मला उत्तर देता आलं नाही. आम्ही तिथूनच सांगलीला फोन लावला आणि आजीलाच विचारलं. आजी म्हणाली, "मला अहोजाहो केलंस तर मी फोन ठेवीन."

लेकीच्या या भाषाशाळेची सुरुवात 1 नोव्हेंबर 1941 ला झाली, सॅन फ्रान्सिस्कोच्या क्रिसी फील्डवर, विमानाच्या एका जुन्या हँगरमध्ये. चार शिक्षक, साठ विद्यार्थी, जवळजवळ सगळे जपानी आईबापांची अमेरिकेत जन्मलेली मुलं. पुढच्याच वर्षी पश्चिम किनाऱ्यावरच्या जपानी कुटुंबांना छावण्यांत डांबलं, आणि अशा घरांतली मुलं आईबापांच्या भाषेत याच सैन्याचं काम करत राहिली. हे लेकीने सांगितल्यापासून मला त्या आया फार आठवतात. त्यांना मुलाला पत्रात काय लिहिता येत असेल?

परीक्षेच्या आठवड्यात मी फोन केला नाही. दिवाळीला डबाभर चकल्या पाठवल्या होत्या तशाच या वेळीही पाठवल्या, साऱ्या वर्गाला पुरतील एवढ्या, आणि सोबत चिठ्ठीत काहीच विचारलं नाही. शुक्रवारी संध्याकाळी तिचाच फोन आला. आधी पिठलं गुठळ्या न होता कसं करायचं ते विचारलं, मी सांगितलं, तिने लिहून घेतलं. निकाल तिने त्यानंतर सांगितला. उत्तीर्ण झाली होती.

आता ती टेक्सासमध्ये सॅन अँजेलोला पुढचं शिकतेय. तिकडचं काही सांगता येत नाही, म्हणून मी विचारतही नाही. गेल्या रविवारी गोडा मसाला संपला म्हणाली. उद्या पार्सल करायचंय.