आधी तपासणी, मग छपाई

चि. माईस,


'तीन दिवसांत छापतो, आधी फी भरा' असं ज्यांनी कळवलंय, त्यांना शोधनिबंध पाठवू नकोस. तुझी घाई मला समजते. नोकरीच्या मुलाखतीत किती निबंध छापले हेच आधी विचारतात. पण तुझं काम आहे असोद्याच्या भरिताच्या वांग्यावर, फळ पोखरणाऱ्या अळीवर. तुझे आकडे वाचून उद्या कुणी फवारणी ठरवेल. ते जाणत्या माणसाने तपासलेलेच नसले, तर भुर्दंड शेतकऱ्याला बसेल.

चांगल्या नियतकालिकात संपादक आधी स्वतः वाचतो. पुष्कळ निबंध तिथूनच परत येतात. उरलेले त्याच विषयातल्या दोन-तीन अभ्यासकांकडे जातात. ते बहुधा मानधनाशिवाय वाचतात, नाव कळू देत नाहीत, आणि बारीक विचारतात: फवारणी न केलेल्या ओळी किती होत्या? पाऊस पडला त्या आठवड्याची नोंद कुठे आहे? राग येईल तुला. तरी प्रत्येक प्रश्नाला लेखी उत्तर दे, गरज पडली तर पुन्हा शेतात जा. यात महिने जातात, जाऊ देत.

पैसे घेणारं प्रत्येक नियतकालिक खोटं नसतं. वाचकाला लेख फुकट मिळावा म्हणून काही जण लेखकाकडून शुल्क घेतात, पण सहसा निबंध स्वीकारल्यावर. तपासणी न करता पैसे मागणारा फक्त छपाई विकतो.

सरकारी यादीत नाव आहे म्हणूनही विसंबू नकोस. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) मान्य यादीतली १००९ नियतकालिकं पुण्याच्या विद्यापीठातील भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी तपासली, तेव्हा ८८ टक्क्यांहून जास्त अपात्र ठरली. हे २०१८ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये छापून आलं. नंतर यूजीसीचीच केअर यादी आली, तीही २०२५ मध्ये बंद झाली. आता पारख तुलाच करायची आहे. नियतकालिकाच्या संपादक मंडळातल्या एखाद्याला थेट पत्र लिहून विचार, तुम्ही खरंच तिथे आहात का. त्या नियतकालिकाचे जुने अंक काढून चार निबंध नीट वाच.

शिवाय यूजीसीच्या २०२२च्या नियमांत पीएचडीसाठी निबंध छापण्याची सक्ती राहिलेली नाही. तुमच्या विद्यापीठाचा नियम मार्गदर्शकांना विचारून घे. नोंदवही आणि कच्चे आकडे मला पाठव. दिवाळीत घरी आलीस की दोघं बसून तपासू.

तुझा,
मामा