नुसते वजन नको, कमरही मोजा



उसाची गाडी काट्यावर चढली की टन कळतात. त्या उसात साखर किती, हे काटा सांगत नाही. ते रस तपासल्यावरच समजते. माणसाच्या शरीराचेही तसेच आहे. साठ किलो भरलेल्या माणसात हाडामांसाचा वाटा किती आणि चरबीचा किती, हे वजनावरून कळत नाही. कारखान्यातील कामगारांची तपासणी करताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी, म्हणून आम्ही हा विषय घेतला आहे. कामगार कोणी परके नव्हेत. गव्हाणीवर, बॉयलरवर, पॅनवर उभी असतात ती उमरखेड भागातली आपलीच पोरे.

पुण्याचे उदाहरण

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 साली स्वतःचीच मापे प्रसिद्ध केली. वजनाला उंचीच्या वर्गाने भागून जो आकडा येतो, तो दोघांचाही 22.3 होता. पण शरीरातील चरबी युडकिन यांच्यात 9.1 टक्के, तर याज्ञिक यांच्यात 21.2 टक्के! वरून सारखे, आतून दुपटीहून जास्त फरक.

याचे मूळ जन्मापासून असते. 1993 मध्ये पुण्याजवळच्या सहा खेड्यांत सुरू झालेल्या अभ्यासात बाळांचे सरासरी वजन 2.7 किलोच्या आसपास भरले. इंग्लंडमधील बाळांचे 3.5 किलो. आपल्या बाळांत मांस बरेच कमी होते, पण कातडीखालची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. म्हणजे हातपाय काटकुळे आणि चरबी मात्र शाबूत. पुढे पोट सुटले की साखर आणि रक्तदाब मागोमाग येतात.

2023 साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत वजनाच्या हिशेबाने 28.6 टक्के लोक लठ्ठ ठरले, पण पोटाच्या घेराने 39.5 टक्के. नुसता वजनकाटा ठेवला तर कितीतरी माणसे नजरेतून सुटतात, हे यावरून दिसते.

तपासावे काय?

1. वजन व उंची. उंची 165 सेंटिमीटर व वजन 60 किलो असेल तर आकडा 22 येतो. आपल्याकडे 23 च्या पुढे जादा वजन व 25 पासून लठ्ठपणा धरतात.

2. कमर. शिंप्याची टेप पुरते. शेवटची बरगडी व कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, पोट आत न ओढता मोजावी. पुरुषांना 90 सेंटिमीटर (सुमारे साडेपस्तीस इंच) व बायकांना 80 (साडेएकतीस इंच) ही हद्द. पँटचा नंबर धरू नये. पँट पोटाखाली बांधलेली असते.

3. रक्तदाब. 130/85 किंवा जास्त असेल तर लक्ष द्यावे.

4. उपाशीपोटी साखर. 100 ते 125 म्हणजे धोक्याची घंटा. 126 किंवा जास्त आल्यास पुन्हा तपासून मधुमेह नक्की करतात.

5. रक्तातील चरबी. ट्रायग्लिसराइड 150 च्या आत हवे.

चरबीची टक्केवारी सांगणारे यंत्रही मिळते. ते अंगातून अगदी सौम्य वीज सोडते. मांसात पाणी असल्याने वीज सहज जाते, चरबीत अडते. पण बॉयलरवरून घामाघूम होऊन आलेल्या माणसाचा किंवा नुकत्याच जेवलेल्याचा आकडा चुकतो. म्हणून मापे पाळी सुरू होण्याआधी, सकाळी उपाशीपोटी घ्यावीत.

रात्रपाळीवाल्यांकडे विशेष पाहावे. झोप मोडते, जेवणाची वेळ हुकते, त्यात गोड चहाचे कप वाढतात. पाळ्यांच्या कामात मधुमेहाचा धोका जास्त दिसून आला आहे.

एक विनंती

तपासणीचे आकडे त्या कामगाराला व डॉक्टरालाच कळावेत. कागद टेबलावर फिरू लागला, नोकरीची भीती वाटू लागली, तर दुसऱ्या वर्षी कोणी टेपसमोर उभा राहणार नाही.

आणि सभासदांनीही मागे राहू नये. तीस वर्षांवरील माणसांचा रक्तदाब व साखर सरकारी आरोग्य केंद्रात मोफत तपासतात. गाळप सुरू होण्याआधी आपण मिलची दुरुस्ती करतोच ना? मग स्वतःच्या देहाची एक दिवस तपासणी करायला काय हरकत आहे? टेप आज घरीच काढा.