पाच किलो उचलणारा स्टँड

नांदेडच्या ज्या दुकानात हा व्यवहार झाला, त्याचे नाव मी येथे लिहीत नाही. मजकूर नजरेखालून गेला तर मालकांना ते आपोआप उमगेल. मात्र मी त्यांच्याकडे काय मागितले होते, हे आरंभीच नमूद करून ठेवतो, कारण पुढे सारा वाद त्याच मुद्द्यावर आणून ठेवण्यात आला. मला ट्रायपॉड एकच हवा होता, पण त्याच्याकडून कामे दोन प्रकारची घ्यावयाची होती: मृगाच्या पहिल्या सरींनंतर बांधावर निघणारे मखमली लाल किडे, गवतफुले, कोळी यांची जमिनीलगतून छायाचित्रे घेता यावीत, आणि मुखेडचे दशरथेश्वर, देगलूर तालुक्यातील होट्टलचे सिद्धेश्वर यांसारख्या प्राचीन मंदिरांच्या अंधाऱ्या मंडपात कॅमेरा काही सेकंद निश्चल राहावा. हे सर्व मी सविस्तर सांगितले, आणि खातरजमा व्हावी म्हणून कॅमेरा व त्याचे मॅक्रो भिंग पिशवीतून काढून काउंटरवर ठेवले. त्या दोहोंकडे दृष्टिक्षेपही न टाकता मालकांनी मागच्या फळीवरून एक खोका काढला.

"लग्नाचे सगळे फोटोग्राफर हेच नेतात, सर. पाच किलो उचलतंय. बिनधास्त न्या."

कॅमेरा लावून पाहू का, असे विचारले, तेव्हा सील फोडले की माल तुमचा झाला, असा जबाब मिळाला. पावती मात्र मी मागून घेतली, आणि ती घेतली म्हणूनच आज हे लिहिण्याचा अधिकार मला उरला आहे.

मृग लागला. पाऊस उघडल्यावर बाऱ्हाळीच्या रस्त्याला एका शेताच्या बांधावर लाल किडे दिसू लागले, आणि मी स्टँड उभा केला. त्याच्या तिन्ही पायांना मधोमध जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या होत्या. त्या पट्ट्यांपायी पाय ठरावीक कोनापलीकडे फाकेनात, आणि कॅमेरा गुडघ्याच्या खाली येईना. खोक्यावर छापलेला उपाय असा होता की मधला दांडा काढून उलटा बसवावा, म्हणजे कॅमेरा पायांच्या मध्ये खाली तोंड करून लोंबतो. तेही केले. ओल्या काळ्या मातीत कोपर टेकून, उलट्या दिसणाऱ्या पडद्यावर किड्याच्या पुढच्या पायांवर फोकस साधला, मूठ गच्च आवळली आणि हात काढून घेतला. किडा जागेवरच होता. सरकत होते ते चित्र. पुढचे पाय पडद्याबाहेर गेले, मग मखमली पाठ गेली, आणि शेवटी नुसते ढेकूळ उरले. पुन्हा आवळले, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा जरा जोर लावला तेव्हा प्लास्टिकची मूठ कटकन वाजली आणि तिच्यात उभी चीर गेली. पाच किलो उचलतो म्हणून ज्याची ग्वाही देण्यात आली होती, त्या स्टँडला किलोभराचा कॅमेरा धरवत नव्हता.

यातले शास्त्र दुकानदाराला ठाऊक नसेल, असे मला वाटत नाही. वस्तू जेव्हा संवेदकावर आपल्या मूळ आकाराइतकीच उमटते, तेव्हा स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम एक-दोन मिलिमीटरांचा असतो, आणि संवेदकावर पडणारा प्रकाश सुमारे चौथाईवर येतो. म्हणजे शटर चौपट वेळ उघडे ठेवावे लागते, आणि तेवढा वेळ कॅमेरा धरणाऱ्या स्टँडच्या डोक्याने केसभरही खाली बसता कामा नये. खोक्यावरचा किलोचा आकडा याविषयी काहीच सांगत नाही. तो काढण्याची सर्वमान्य पद्धत नाही. प्रत्येक कारखानदार आपापल्या मनाने तो छापतो. पाय मोडणार नाहीत एवढाच फार तर त्याचा अर्थ, आणि लग्नमंडपात छातीच्या उंचीवर व्हिडिओ कॅमेरा ठेवणाऱ्याला तेवढे पुरतेही.

म्हणून उंची किती, हे नंतर विचारावे. खाली किती येतो, हे आधी विचारावे. पाय एकमेकांपासून स्वतंत्र असावेत आणि प्रत्येकाला निरनिराळ्या कोनांत अडवणारी खीळ असावी. मधल्या पट्ट्यांचा स्टँड मॅक्रोच्या कामाला निरुपयोगी समजावा. मधला दांडा आखूड हवा किंवा काढून टाकता येणारा हवा. इटलीच्या मॅनफ्रोटोच्या ०५५ या प्रकारात तो आडवा करता येतो. इंग्लंडच्या बेन्बोत तर एकच खिटी सैल केली की पाय आणि दांडा सर्व मोकळे होतात, व ओढ्याच्या उतारावरसुद्धा कॅमेरा हवा तेथे नेता येतो. यांची किंमत सर्वांना झेपणारी नाही, हे मान्य. पण ज्याचे डोके वेगळे काढता येते, असा स्टँड तरी घ्यावा. पायांवर डोके बसवण्याचा स्क्रू बहुधा तीन-अष्टमांश इंचाचा असतो, कॅमेऱ्याच्या तळाचा पाव इंचाचा. हे जुळत असेल तर आज पाय घेऊन पुढच्या वर्षी चांगले डोके घेता येते. माझ्या स्टँडचे डोके मधल्या दांड्याशी कायमचे जखडलेले होते, म्हणजे मूठ तडकली आणि सगळाच स्टँड भंगारात गेला.

दुकानातच परीक्षा करावी ती अशी. आपला कॅमेरा, आपले सर्वांत जड भिंग लावावे, ते पुढे झुकवून डोके आवळावे, पडद्यावर चित्र दहापट मोठे करून एखादे अक्षर मध्यभागी आणावे आणि हात काढावा. अक्षर खाली सरकले तर तेथेच नमस्कार करून बाहेर पडावे. मग एका पायाला बोटाने टिचकी मारून चित्र किती वेळाने स्थिर होते ते पाहावे. चार-पाच भागांत मिटणारे पाय प्रवासाला सोयीचे खरे, पण त्यांचे शेवटचे भाग बोरूसारखे बारीक असतात; म्हणून एस.टी.त थोडी गैरसोय सोसून तीन भागांचेच घ्यावेत. उंची वाढवताना आधी पायांचे जाड भाग उघडावेत; मधला दांडा अगदी शेवटी, आणि तोही नाइलाज असेल तरच उचलावा. काळी माती सांध्यात शिरली की पिळून बसणारे कुलूप फिरेनासे होते, तेव्हा घरी आल्याबरोबर ते पुसावे. दोन सेकंदांचा टायमर लावावा, भिंगाची कंपरोधक यंत्रणा बंद ठेवावी, वगैरे गोष्टी कोणीही सांगेल. अगदी जमिनीलगत असल्यावर मी आता ज्वारी भरलेली कापडी पिशवी वापरतो. तिला दुकानदार लागत नाही.

मंदिरांसाठी निराळा स्टँड लागत नाही. जे डोके मॅक्रोत सरकत नाही, ते मंडपातही सरकत नाही. निजामाच्या दरबारचे छायाचित्रकार राजा दीनदयाळ (१८४४–१९०५) काचेच्या मोठ्या प्लेटांचे अवजड कॅमेरे वापरीत, आणि त्या वजनाला साजेसा भक्कम स्टँड त्यांना ठेवावाच लागे. हलक्या कॅमेऱ्याला हलका स्टँड चालतो, ही समजूत अलीकडची आणि विक्रेत्यांच्या सोयीची आहे. वेरूळ-अजिंठ्यासारख्या केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत मात्र ट्रायपॉड लावण्यास पूर्वपरवानगी लागते. ती आधी काढावी.

आता त्या दुकानाविषयी. तडकलेली मूठ आणि पावती घेऊन मी त्याच आठवड्यात नांदेडला गेलो. मालक फोनवर बोलत होते. बोलणे संपल्यावर त्यांनी मुलाला सांगितले, "सरांना खुर्ची दे," आणि मला म्हणाले, "हे किडे-बिडे काढायचं स्टँडच नाही सर. तुम्हाला वापरता येईना, त्याला आम्ही काय करावं?" ज्या कामासाठी मी मागितला होता, तेच काम आता माझा अपराध म्हणून माझ्यासमोर ठेवण्यात आले, आणि तेही दोन गिऱ्हाइकांदेखत. नंतर पावतीच्या तळाची ओळ बोटाने दाखवण्यात आली: विकलेला माल परत घेतला जाणार नाही.

त्या ओळीला भिण्याचे कारण नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे सदोष माल पावतीत दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिलेली नसल्यास ३० दिवसांत, परत घेण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. पावती न देणे हीसुद्धा. १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. जिल्हा आयोगाकडे पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही, आणि ती दाखल करण्यास दोन वर्षांची मुदत असते. माझी मुदत अद्याप संपलेली नाही.