यंत्राची नोंद आणि माणसाची दाद

ऑगस्ट 2021 मध्ये महाराष्ट्रातील हजारो अंगणवाडी सेविकांनी कामासाठी मिळालेले मोबाईल संच शासनाकडे परत केले. संच जुने झाले असून वारंवार बंद पडतात, दुरुस्तीचा भुर्दंड सेविकांनाच सोसावा लागतो आणि त्याच वर्षी 1 मार्च रोजी सुरू झालेल्या 'पोषण ट्रॅकर' या प्रणालीत माहिती इंग्रजीतून भरावी लागते, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. ज्या साधनाने काम हलके व्हावयाचे तेच साधन नकोसे का व्हावे, हा प्रश्न एका खात्यापुरता मर्यादित नाही. जिल्हाधिकारी कार्यालयापासून ग्रामपंचायतीपर्यंत आणि पंचायत समितीपासून एकशिक्षकी शाळेपर्यंत आज प्रत्येक ठिकाणी संगणक किंवा मोबाईल पोचला आहे. त्यासोबत कर्मचाऱ्याचे मन कामात किती पोचले, याचाही विचार होणे अगत्याचे आहे.

समरसतेच्या तीन अटी

कर्मचारी कामावर हजर असणे आणि तो कामाशी समरस असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली हजेरीपटावर दिसते, दुसरी कामाच्या गुणवत्तेत. अमेरिकेतील अभ्यासक विल्यम कान यांनी 1990 मध्ये या विषयावर एक मूलगामी लेख प्रसिद्ध केला. मुलांच्या उन्हाळी शिबिरातील मार्गदर्शक आणि एका वास्तुरचना संस्थेतील कर्मचारी यांच्या कामाचे निरीक्षण करून त्यांनी समरसतेच्या तीन अटी सांगितल्या. आपल्या कामाला अर्थ आहे असे माणसाला वाटले पाहिजे; मन मोकळे करून काम करताना आपल्याला इजा पोचणार नाही अशी निर्भयता हवी; आणि कामासाठी लागणारी शारीरिक व मानसिक शक्ती त्याच्यापाशी शिल्लक असली पाहिजे.

त्यापूर्वी 1959 मध्ये फ्रेडरिक हर्झबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिट्सबर्ग परिसरातील सुमारे 200 अभियंते व लेखापाल यांच्या मुलाखतींवर आधारलेला अभ्यास प्रसिद्ध केला होता. काम तडीस गेल्याचे समाधान आणि त्या कामाची झालेली कदर यांतून उत्साह निर्माण होतो, असे त्यांना आढळले. उलट वेतन, कार्यालयाचे नियम, वरिष्ठांची देखरेख या बाबी बिघडल्या की असंतोष वाढतो. पण त्या नीट असल्या म्हणून आपोआप उत्साह येतो असे नाही. या निष्कर्षांवर पुढे मतभेद झाले. तरीही व्यवहारात त्यातून एक बोध घेण्यासारखा आहे. रखडलेल्या वेतनाची वा मानधनाची भरपाई शाल आणि श्रीफळ देऊन होत नाही. तद्वतच वेळेवर दिलेले वेतन कदर केल्याची जागा घेत नाही.

साधन कोणाचे श्रम वाचविते?

कानने सांगितलेल्या अटींपैकी तिसरी, म्हणजे शक्ती शिल्लक राहण्याची अट, यंत्राशी थेट निगडित आहे. एकात्मिक बाल विकास सेवा योजना 2 ऑक्टोबर 1975 रोजी सुरू झाली. पुढे सेविकेकडे ठेवावयाच्या नोंदवह्यांची संख्या 11 वर गेली. कुटुंबांची नोंद, पूरक आहार, लसीकरण, बालकांची वजने, गृहभेटी अशा या नोंदी आहेत. बालकाचे वजन एकदा मोबाईलमध्ये भरल्यावर वाढीचा आलेख यंत्राने काढावा आणि मासिक अहवाल आपोआप तयार व्हावा, ही कल्पना निःसंशय उपकारक आहे. परंतु नोंदवही बंद न करता मोबाईल आला, तर एक काम दोनदा होते. शाळांतही हाच अनुभव येतो. 'यू-डायस' प्रणालीत भरलेली पटसंख्याच पुन्हा वेगळ्या तक्त्यात, वेगळ्या कार्यालयाला मागितली गेली, की शिक्षकाचा तो वेळ अध्यापनातून वजा होतो.

साधन साधे असले तरी चालते. ते काम करणाऱ्याच्या सोयीचे हवे. 1980 च्या दशकाच्या आरंभी अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्याचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखीना यांनी कार्यालयीन सुधारणेचा जो प्रयोग केला, तो राज्यात 'लखीना पॅटर्न' म्हणून ओळखला जातो. त्यात संगणकाचा आधार नव्हता. कागदपत्रांचे वर्गीकरण, त्यांची नीट मांडणी, बैठकव्यवस्थेतील बदल आणि प्रत्येकाच्या कामाची स्पष्टता यांवर भर होता. राज्यातील कार्यालयांत परिचित असलेली सहा गठ्ठे पद्धतही अशीच साधी आहे. निर्गतीसाठी असलेली प्रकरणे, प्रतीक्षाधीन प्रकरणे, नियतकालिके, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवावयाचे कागद आणि नष्ट करावयाचे 'ड' वर्गातील कागद असे टेबलावरील कागदांचे सहा भाग केले, की कोणते काम कोठे अडले आहे हे लिपिकाला स्वतःलाच दिसते. हातातले काम आवाक्यात आहे ही जाणीव माणसाला उभारी देते. संगणकीय प्रणालीचीही कसोटी हीच असावी.

नोंद ही भीती ठरू नये

यंत्राचे दुसरे अंग देखरेखीचे आहे. कोण किती वाजता आला, किती प्रकरणे निकाली निघाली, किती भेटी झाल्या, हे आता क्षणात कळते. ही माहिती केवळ कारणे दाखवा नोटिशीसाठी वापरली जाऊ लागली, की कर्मचारी काम सुधारण्याऐवजी आकडे सुधारू लागतो. कमी वजनाचे बालक नोंदविल्यास आपल्यालाच जाब विचारला जाईल असे सेविकेला वाटले, तर ते बालक नोंदीत येणारच नाही. त्याला मिळावयाचा आहार व उपचार तेथेच थांबेल. निर्भयतेची अट ही केवळ कर्मचाऱ्याच्या सुखाची बाब नसून लाभार्थ्याच्या हिताची आहे, हे यावरून ध्यानात येईल.

या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाचा मे 2008 मधील निर्णय प्रत्येक कार्यालयप्रमुखाने लक्षात ठेवण्याजोगा आहे. शासकीय सेवकाच्या गोपनीय अहवालातील प्रत्येक नोंद, मग ती प्रतिकूल असो वा उत्तम, त्याला कळविली पाहिजे, असे न्यायालयाने देवदत्त प्रकरणात स्पष्ट केले. आपल्या कामाविषयी वरिष्ठांचे मत काय आहे हे कळले, तरच उणीव भरून काढता येते आणि गुणाला बळ मिळते.

दाद कशी द्यावी?

आदर्श शिक्षक, गुणवंत कर्मचारी यांसारखे पुरस्कार आवश्यक आहेत. पण ते वर्षातून एकदा आणि थोड्यांनाच मिळतात. इतरांच्या कामाची कदर दैनंदिन व्यवहारातच व्हावी लागते. 'आपण सर्वांनी छान काम केले' या वाक्याने कोणाचेच समाधान होत नाही. 'पुराच्या आठवड्यात वस्तीवरील गरोदर मातांची यादी आपण वेळेत दिली, म्हणून आरोग्य पथक तेथे पोचू शकले', हे वाक्य ऐकणाऱ्याला आपल्या कामाचा अर्थ दाखविते. दाद नेमकी असावी, काम ताजे असताना द्यावी आणि त्या कामाचा कोणाला उपयोग झाला ते तीत सांगावे. येथे यंत्राची मदत घेता येते. मागे पडलेल्यांची यादी काढणारी प्रणालीच, अडचणीच्या गावात शांतपणे चांगले काम करणाऱ्यांची नावेही दाखवू शकते. ती यादी पाहणारा अधिकारी मात्र हवा.

कदरीला हक्काची जोडही लागते. अंगणवाडी सेविका व मदतनीस यांना उपदान कायदा, 1972 लागू होतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 25 एप्रिल 2022 रोजी दिला. गौरवाच्या भाषणांतून जे सांगितले जात होते, त्याला या निर्णयाने कायद्याचा आधार दिला.

आपल्या पातळीवर

ग्रामपंचायत सदस्य, मुख्याध्यापक किंवा विभागप्रमुख यांना मोठ्या निधीविना काही गोष्टी करता येतील. नवी प्रणाली येताच तिने कोणती जुनी नोंदवही वा तक्ता बंद होणार आहे हे विचारावे. एकही बंद होत नसेल, तर ती बाब लेखी वरिष्ठांच्या निदर्शनास आणावी. प्रणाली मराठीत आहे काय, संच बिघडल्यास दुरुस्तीचा खर्च कोण देणार आणि क्षेत्र जाळ्याबाहेर असल्यास काय करावयाचे, हे आरंभीच ठरवून घ्यावे. मासिक बैठकीची पहिली दहा मिनिटे थकबाकीच्या आकड्यांना न देता, त्या महिन्यातील एका चांगल्या कामाला द्यावीत आणि ते काम करणाऱ्यानेच ते कसे केले हे सांगावे. ग्रामसभेत सेविका, आशा कार्यकर्ती, पाणीपुरवठा कर्मचारी, शिपाई यांच्या एखाद्या विशेष कामाची नोंद कार्यवृत्तात घ्यावी. कार्यवृत्त हा कायम राहणारा दस्तऐवज आहे.

परत आलेले मोबाईल संच हा कामास नकार नव्हता. त्या सेविका त्याही दिवसांत बालकांची वजने घेत होत्या, गृहभेटी देत होत्या. आपल्या अडचणीची दखल घ्यावी, एवढेच त्यांचे म्हणणे होते. यंत्र किती वजने झाली ते सांगेल. तराजू खांद्यावर घेऊन पाड्यावर कोण चालत गेले, हे मात्र माणसानेच ओळखले पाहिजे आणि तिला तसे सांगितलेही पाहिजे.