केसाएवढ्या पाटातील प्रयोगशाळा

पावसाळ्यात रामतीर्थाच्या खडकांवर आदळणारे हिरण्यकेशीचे पाणी आपण पाहिले आहे. तेथे वाटीभर दूध ओतले, तर ते क्षणार्धात पाण्याशी एकजीव होईल. परंतु तेच पाणी केसाएवढ्या रुंदीच्या पाटातून वाहू दिले, की त्याचा स्वभावच पालटतो. तेथे खळखळ नाही, भोवरा नाही. दोन रंगांचे प्रवाह शेजारी सोडले, तर ते समांतर वाहतात आणि केवळ रेणूंच्या स्वैर हालचालीने हळूहळू मिसळतात. ह्यास विसरण म्हणतात.

विसरणाचा नियम ध्यानात ठेवण्याजोगा आहे. अंतर १० पट घटले, की लागणारा वेळ १०० पट घटतो. पाण्यात साखरेच्या रेणूस १ मिलिमीटर जाण्यास सुमारे पाव तास लागतो. त्याच्या दशांश अंतरास १० सेकंद पुरतात. शिवाय थेंब लहान असला, की तो तापतो लवकर व निवतोही लवकर. किटलीतल्या चहापेक्षा बशीतला चहा आधी निवतो, हे कोणत्या गृहिणीस ठाऊक नाही?

ह्या गुणांवरच सूक्ष्मप्रवाहशास्त्र उभे आहे. काचेच्या वा रबरासारख्या पदार्थाच्या पट्टीवर असे पाट घडवून जीवरसायनशास्त्रज्ञ एकेक पेशी निराळी तपासतात. तेथे प्रत्येक थेंब ही जणू स्वतंत्र परीक्षानळीच होय.

ह्याचा आपल्या घराशी संबंध काय? क्षयाचा जंतू १८८२ साली रॉबर्ट कॉख ह्यांनी दाखवून दिला. परंतु हा जंतू फार मंद वाढतो. त्याची वाढ करून खात्री करण्यास कित्येक आठवडे जातात. जंतू थोडे असल्यास सूक्ष्मदर्शकातूनही ते निसटतात. तोवर रोगी खोकत राहतो आणि घरातील मुले तीच हवा घेतात.

कॅरी मलिस ह्यांनी १९८३ साली सुचविलेल्या रीतीने, द्रव आळीपाळीने तापवून व निववून जंतूच्या डीएनएच्या असंख्य प्रती करता येतात. आपल्या शेजारच्या गोव्यातील मोलबायो ह्या कंपनीच्या 'ट्रूनॅट' यंत्रात हे कार्य लहानशा चिपवर, अवघ्या ६ मायक्रोलिटर द्रवात होते. द्रव थोडा, म्हणून तापणे-निवणे जलद. यंत्र बॅटरीवर चालते व निर्णय सुमारे तासाभरात हाती येतो. २०२० साली जागतिक आरोग्य संघटनेने क्षयाच्या निदानासाठी ह्या चाचण्यांची शिफारस केली.

तथापि यंत्र रोग ओळखते. रोग्याच्या मनातील लाज ते घालवू शकत नाही. ते कार्य आपले. घरात कोणाचा खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकला, तर तो लपवू नये. थुंकी तपासून घ्यावी आणि क्षय निघाल्यास औषध पुऱ्या मुदतीपर्यंत घ्यावे. थेंब बोलावयास सिद्ध आहे. तो वेळेवर तपासणीस पोचविणे मात्र आपल्याच हाती आहे.