वेगाचा वर्ग

गणिताच्या पुस्तकात वेग, वेळ व अंतर यांची उदाहरणे आपण नित्य सोडवितो. त्यांतील आगगाडी मात्र कोणाच्याही अंगावर येत नाही. म्हणून आज आम्ही घरच्या वाटेवरचे उदाहरण घेत आहोत.

ताशी ४० किलोमीटर वेगाची मोटारसायकल एका सेकंदात सुमारे ११ मीटर पुढे जाते. वळणावर गाय दिसली आणि हात-पाय ब्रेककडे गेले, एवढ्यात साधारण एक सेकंद सरतो. पुढे कोरड्या डांबरावर चांगला ब्रेक आणखी ९ मीटरांत गाडी थांबवितो. एकूण २० मीटर. आता वेग ८० करा. वर्गातून चटकन उत्तर आले, ‘४० मीटर!’ ते चुकले. पहिले अंतर दुप्पट, म्हणजे २२ मीटर होते. परंतु गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे ब्रेकचे अंतर चौपट, ३६ मीटर होते. एकूण ५८. मुलांना घेऊन टेपने मोजू लागलो, तेव्हा आमचे क्रीडांगण अपुरे पडले.

याहून भयंकर गोष्ट अशी, की गाय २० मीटरांवर असेल तर पहिला स्वार तिच्यापाशी थांबतो. दुसऱ्याने त्या जागी ब्रेक दाबलेलाही नसतो. तो संपूर्ण वेगाने आदळतो.

पेडण्यात पत्रादेवीहून धारगळकडे येणारा राष्ट्रीय महामार्ग ६६ रुंद झाला, जानेवारी २०२३ पासून मोपा येथील विमानतळ सुरू झाला. महामार्गावर ८०ची सवय जडलेला माणूस फाट्यावर वळला, तरी सवय त्याच्यासोबत गावात येते. गावचा रस्ता मात्र मूळचा बैलगाडीचा. जांभ्या दगडाची गडगी आणि काजूची झाडे यांमुळे कित्येक वळणांवर पुढचे वीस मीटरही दिसत नाहीत. डिचोलीत २०२४ साली खाणकाम पुन्हा सुरू झाले; खनिजाने भरलेला ट्रक थांबण्यास मोटारसायकलीहून अधिक जागा घेतो. सांडलेली लाल माती आषाढात भिजली, की आमची ही सारी आकडेमोड अपुरी ठरते.

आमच्या कोकणी घरांत निघताना ‘सवकास वच’ म्हणतात. पण पुष्कळदा तेच वडीलधारे सोळा वर्षांच्या मुलाच्या हाती मोटारसायकलीची किल्लीही देतात. २०१९ च्या सुधारित मोटार वाहन कायद्यान्वये अल्पवयीन चालकाच्या अपराधाबद्दल पालकास अथवा गाडीच्या मालकास तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड होऊ शकतो, हे पालकांनी ध्यानी घ्यावे.

आणि आम्ही तरी निर्दोष कोठे? पहिली घंटा चुकू नये म्हणून आम्हीही कधी कधी ४०चे ६० केले आहेत. पाच किलोमीटरांच्या वाटेवर त्यामुळे अडीच मिनिटे वाचतात. एवढ्या वेळात आमच्या वर्गाची हजेरीसुद्धा पुरी होत नाही.