खरेदीदाराच्या व मजुराच्या दृष्टीने आपला कांदा

कांद्याचे पीक शेतकऱ्याला जसे दिसते, तसे ते विकत घेणाऱ्यास दिसत नाही आणि काढणाऱ्या मजुरासही दिसत नाही. शेतकरी एकरी किती क्विंटल उतारा पडला हे पाहतो. माल किती दिवस टिकेल, हे व्यापारी पाहतो. संध्याकाळपर्यंत किती वाफे उरकतील, याकडे मजूर स्त्रीचे लक्ष असते. या तीन दृष्टींचा मेळ बसला नाही, तर चांगले पिकलेले पीकही तोट्यात जाते.

खरेदीदार काय पाहतो?

लासलगाव, पिंपळगाव बसवंत यांसारख्या बाजार समित्यांत वाहनातील कांदा उघड लिलावाने विकला जातो. व्यापारी मालापाशी थोडाच वेळ थांबतो. तेवढ्यात तो रंग, पत्ती, आकाराचा सारखेपणा व मान पाहतो. मान जाड व ओली असेल, तर तो कांदा लवकर सडेल, हे त्यास ठाऊक असते. लिलावानंतर वाहन खळ्यावर रिकामे होते. वर निवडक कांदा व खाली चिंगळी, असा भरलेला माल तेथे उघडा पडतो. वाद होतो, भाव उतरतो आणि पुढील खेपेसही त्या शेतकऱ्याच्या मालाकडे संशयाने पाहिले जाते.

बाजारभावावर एकट्या शेतकऱ्याचा ताबा नसतो. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याच्या निर्यातीवर बंदी आली व ती मे २०२४ मध्ये उठली. असे निर्णय त्याच्या हाती नसतात. परंतु एकाच दिवशी, एकाच बाजारात किमान व कमाल भावांत जे अंतर पडते, त्यात मालाच्या प्रतीचा वाटा मोठा असतो. तेवढा भाग मात्र बव्हंशी आपल्या हाती आहे.

मजुराची बाजू

प्रतीचा बराचसा निर्णय मजुराच्या विळ्यावर होतो. काम उक्ते दिले म्हणजे ते लवकर उरकण्याकडे कल असणे स्वाभाविक आहे. मग पात कांद्यालगत कापली जाते, मान उघडी राहते व तेथून सड शिरते. याबद्दल मजुरास दोष देणे योग्य नव्हे. आपण मोबदला वेगाचा ठरवला आणि अपेक्षा निगुतीची केली. शिवाय कोणत्या वाफ्यात माना जाड राहिल्या, कोठे कांदा मऊ लागला, हे मजूर स्त्रीच्या हाताला सर्वांआधी कळते. तिला कोणी विचारले नाही, तर ही माहिती तिच्याबरोबरच घरी जाते.

काय करावे?

१. लागवडीनंतर ६० दिवसांनी नत्र देऊ नये. काढणीपूर्वी २ ते ३ आठवडे पाणी तोडावे.

२. निम्म्या माना पडल्यावर काढणी करावी. कांदा ३ ते ४ दिवस शेतात असा सुकवावा, की एका ओळीची पात दुसऱ्या ओळीच्या कांद्यांवर येईल.

३. मान ३ ते ४ सें.मी. ठेवून पात कापावी. कामाच्या आरंभी नमुन्याचा कांदा प्रत्येकीच्या हाती द्यावा.

४. जोडकांदे, डेंगळे व चिंगळी यांसाठी वेगळ्या पाट्या ठेवाव्यात. उक्त्याचा दर ठरवतानाच मान राखण्याची व निवडीची मजुरी त्यात धरावी.

५. कापणीच्या जागी सावली व पिण्याचे पाणी असावे. उन्हाने थकलेल्या हाताकडून निवड नीट होत नाही.

६. चाळीत भरण्यापूर्वी कांदा १५ ते २० दिवस सावलीत सुकवावा.

७. दिवसाच्या शेवटी मजुरांना पीक कोठे कसे आढळले ते विचारावे व वहीत टिपून ठेवावे.

कार्यकर्त्यांसाठी प्रात्यक्षिक

गावातील एका चाळीत सारख्याच वजनाचे दोन ढीग शेजारी ठेवावेत. एकात मान राखून कापलेला व निवडलेला, तर दुसऱ्यात लगत कापलेला सरमिसळ कांदा असावा. दोन महिन्यांनी शेतकरी व मजूर या दोहोंसमक्ष सडका कांदा काढून उरलेल्याचे वजन करावे. त्यानंतर प्रत्येक शेतकऱ्यास एकच प्रश्न विचारावा : आपण खरेदीदार असता, तर यांपैकी कोणत्या ढिगास किती भाव दिला असता? या प्रश्नाचे उत्तर ज्याने प्रामाणिकपणे दिले, त्यास पुढील हंगामात मजुरी कशी ठरवावी हे निराळे सांगावे लागणार नाही.